चांगल्या वासांचा खण

३ मार्च, सोमवार

वासांचे शब्द माझ्या वाट्याला आले!

आज आमच्या संपादक बाईंनी मुलांच्या इंग्रजी-मराठी कोशाच्या नव्या भागाची वाटणी केली. "चांगले वास – हे तुझे," म्हणाल्या आणि कोऱ्या कार्डांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. स्मेल, सेंट, फ्रॅग्रन्स, अरोमा, परफ्यूम, बुके. एकाचं काम दुसरा कुठे करतो, कुठे करत नाही, मराठी मुलं कुठे चुकतात. वाईट वास पुढच्या वर्षी. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या स्वल्पविरामाला सुतारकामाची हत्यारं मिळाली. (याचं नाव वेगळं आहे, पण हा दर तीन शब्दांनी थांबतो, म्हणून.) तो म्हणाला, "तुमची, बुवा, चैन आहे, आम्ही आपले, खिळे ठोकतो."

सगळे हसले. मीही हसले.

सोळा महिने झाले, मला कसलाच वास येत नाही. हे कचेरीत कुणालाच माहीत नाही. आधी वाटलं, आठवड्याभरात येईल, कशाला बोभाटा. मग महिने उलटले, आणि 'इतके दिवस का बोलली नाहीस' या प्रश्नाचीच धास्ती बसली. आज बोलायला हवं होतं. गठ्ठा उचलला आणि जागेवर आले!

४ मार्च, मंगळवार

आमच्या कचेरीचा एक नियम आहे, तो आज पहिल्यांदा गळ्याशी आला. कार्डावर शब्द, खाली अर्थ, खाली उदाहरणाचं वाक्य. आणि उजव्या कोपऱ्यात एक अक्षर: 'स्व.' किंवा 'ऐ.' – म्हणजे वाक्यातली गोष्ट स्वतः अनुभवलेली की ऐकीव. हे अक्षर छापलं जात नाही. पण बाई आधी तेच बघतात. "ज्याला काही म्हणायचं होतं अशा माणसाचं वाक्य हवं. बाकीची वाक्यं शिळी लागतात," असं त्या नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवतात. मलाही ऐकवलं होतं, एकोणीस वर्षांपूर्वी. तेव्हापासून 'स्व.' हे अक्षर मी खोटं कधी लिहिलेलं नाही. करवत धरली नव्हती तर 'ऐ.' लिहिलं. विमानात बसले नव्हते तेव्हा 'ऐ.' लिहिलं.

आज सहा कार्डं केली. सहाही 'ऐ.'

व्याकरण मात्र झकास जमलं. मराठीत वास स्वतःच्या पायांनी येतो. सुटतो, दरवळतो, मारतो – आपण नुसतं दार उघडं ठेवायचं. म्हणून आपली मुलं 'नाइस स्मेल इज कमिंग' लिहून मोकळी होतात. इंग्रजीत वास चालत येत नाही. तिथे फूलही स्मेल करतं आणि नाकही स्मेलच करतं, एकच क्रियापद दोघांत. आणि पुढे विशेषण लागतं: फूल 'स्वीट' स्मेल करतं, 'स्वीटली' नाही. विशेषण न लावता सोडलंत तर घोटाळा! 'द मिल्क स्मेल्स' म्हणजे दूध नासलंय. नुसतं नाव घेतलं की वास वाईटच. चांगला असेल तर तसं सांगावं लागतं.

६ मार्च, गुरुवार

चार बाटल्या – गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. सकाळ-संध्याकाळ वीस-वीस सेकंद नाकाशी. काही नाही.

७ मार्च, शुक्रवार

संध्याकाळी धाकटा भाऊ आला. न कळवता, हातात टरबूज, शर्टाला ग्रीस. दारातूनच ओरडला, "ताई, झालं! कागद आला!"

तिकडची नोकरी पक्की झाली. उंच उंच इमारतींच्या लिफ्ट बसवायच्या, तीन वर्षांचा करार, मध्ये सुट्टी नाही. तीस तारखेला विमान. नवरा म्हणाला, "इथे चार मजल्यांची लिफ्ट अडकली की घाम फुटतो तुला, तिथे ऐंशी मजले!" धाकटा म्हणाला, "भावजी, अडकली तर चौथ्या मजल्यावरही अडकलेलीच असते." हसलो. टरबूज कापलं. मला त्याचा नुसता गार ओलेपणा लागला.

नवरा फोन घ्यायला आत गेला तेव्हा धाकटा हळूच म्हणाला, "आईचा तो स्वेटर आहे ना तुझ्याकडे? राखाडी?"

"आहे."

"एकदा पिशवी उघड ना. मला नुसता वास घ्यायचाय. जायच्या आधी."

मी नाही म्हणाले.

तसं तोंडावर नाही. म्हणाले, "अरे, बांधून ठेवलाय, वरच्या खणात आहे, काढायला शिडी लागते." त्याला शिडी लागते! जो दिवसभर लिफ्टच्या खांबांवर चढतो! तो म्हणाला, "बरं." मग टरबुजाच्या बिया मोजून एका बाजूला लावत बसला.

८ मार्च, शनिवार

काल नीट लिहिलं नाही. लिहिते.

आई गेली तेव्हा तो एका बंद इमारतीत कामावर होता, फोनला रेंज नव्हती. पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. आईची खोली रिकामी करायची वेळ आली तेव्हा शिवणयंत्र तिच्या मैत्रिणीकडे गेलं, कात्र्या मी घेतल्या, त्याने काहीही घेतलं नाही. "माझ्या खोलीत जागा कुठेय," म्हणाला. स्वेटर मी घेतला. पहिले दहा दिवस तो अंगात घालूनच झोपत होते. दहाव्या दिवशी भानावर आले – असा वापरला तर वास उडून जाईल! मग जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्या, वरून चिकटपट्टी, कपाटाचा वरचा खण. त्यानंतर तीन आठवड्यांनी मला ताप आला. सहा दिवसांनी उतरला आणि नाक घेऊन गेला.

डॉक्टर म्हणाले, येईल किंवा येणार नाही, बाटल्यांचा सराव सोडू नका. तेव्हापासून पिशवी उघडलेली नाही. ठरवून ठेवलंय – नाक आलं की पहिला वास तोच घ्यायचा. बंद पिशवीतला वास किती वेळा उघडला की संपतो, कुणी सांगत नाही. माझा समज, एकदाच.

आणि ते एकदाच मला हवं आहे. हे इथे लिहायलाही लाज वाटते.

१० मार्च, सोमवार

'अरोमा'चं वाक्य मिळवायला बेकरीवाल्याकडे गेले. विचारलं, "भट्टी उघडल्यावर कसा वास येतो हो?" तो बघतच राहिला. "तुम्ही रोज येता की ताई. तसाच येतो!" मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून विचार करून म्हणाला, "आधी कोरडा येतो. मग गोडूस. मला आता येत नाही म्हणा, सवयीने. सुट्टीवरून परत आलो की पहिल्या दिवशी येतो."

हे वाक्य सोन्यासारखं आहे. कार्डावर घेतलं. अरोमा खाण्यापिण्याचा – पाव, कॉफी, भाजत असलेलं काही. माणसाला अरोमा नसतो. फ्रॅग्रन्स फुलांचा, साबणाचा, आणि दुकानात मांडलेल्या बाटल्यांचा. बुके फक्त वाइनचा, नाहीतर सरळ पुष्पगुच्छ. ऐ., ऐ., ऐ.

नवऱ्याने माझ्या नाकाची चाचणी चालवली आहे. आज डोळे मिटायला लावून बाटली धरली. मी म्हणाले, "निलगिरी?" म्हणाला, "माझा मोजा." चिडले, मग हसूच आलं. मोज्याचाही वास न यावा इतकं हे घर मला निर्मळ झालंय!

१२ मार्च, बुधवार

आज लवंगेपाशी काहीतरी वाटलं. वाटलंच असणार.

१३ मार्च, गुरुवार

'सेंट' या शब्दाने दोन दिवस खाल्ले. मराठीत सेंट म्हणजे बाटली. लग्नाला जाताना सेंट मारतात. इंग्रजीत ती बाटली आहेच, पण त्याआधी सेंट म्हणजे मंद वास, आणि त्याहीआधी मागे राहिलेला वास – जनावर गेलं, वाट उरली, कुत्रा हुंगत हुंगत माग काढतो तो. फ्रॅग्रन्स समोर असलेल्या वस्तूचा. सेंट निघून गेलेल्याचासुद्धा.

हे लिहिताना आई आठवली, म्हणजे आईचं नाक. कपडे लहान-मोठे करून द्यायचं तिचं दुकान. चिठ्ठ्या टाचणीने लावायची, त्या पडायच्या. मग ती कपडा उचलून कॉलर नाकाशी नेई. "हा पोस्टमनचा. हा दवाखान्यातल्या कंपाउंडरचा. हा – हा नवीन आहे, याच्याकडे मांजर आहे." एकदाही चुकली नाही. गिऱ्हाइकं बिचकत. धाकटा लहानपणी शाळेतून आला की ती त्याच्या डोक्याचा वास घेई आणि म्हणे, "आज पुन्हा मैदानात गेलास. गणिताच्या तासाला." तो म्हणे, "आई म्हणजे पोलीस आहे!"

तिचा स्वतःचा वास कसा होता? मशीनचं तेल, खडू, इस्त्रीखालचं ओलसर सुती कापड. ही नावं आहेत. नावं मला पाठ आहेत. कालपर्यंत वाटायचं की नावांच्या मागे वासही आहे, फक्त नाकापर्यंत येत नाही. आज खूप वेळ शोधला. नावंच उरली आहेत.

१४ मार्च, शुक्रवार

धाकट्याचा फोन. कोट किती जाड घेऊ, विचारत होता. स्वेटरचं बोलला नाही.

मीही बोलले नाही.

१७ मार्च, सोमवार

बाईंनी बोलावलं. माझ्या कार्डांचा खण टेबलावर काढून ठेवला होता.

"चौदा कार्डं. चौदा 'ऐ.' हा काय प्रकार? तुझ्या घरी फुलं येत नाहीत? साबण लावत नाहीस?"

"बाई, लावते."

"मग?"

सांगितलं. कधीपासून, ताप, बाटल्या, सगळं. बोलता बोलता लक्षात आलं, हे मोठ्याने मी पहिल्यांदाच म्हणतेय. नवऱ्यालाही तुकड्यातुकड्यांनी कळलं होतं.

बाईंनी चष्मा काढला. मला वाटलं, आता वासांचा खण स्वल्पविरामाकडे जाणार आणि मी खिळे ठोकणार. त्या म्हणाल्या, "वाटणीच्या दिवशी का नाही बोललीस?"

"लाज वाटली."

"कुणाला कळणार होतं 'स्व.' लिहिलं असतंस तर?"

"मला."

"हं." मग एकेक कार्ड पुन्हा वाचलं. बेकरीवाल्याच्या कार्डाशी थांबल्या. "हे माझ्या नाकाने मी लिहू शकले नसते," म्हणाल्या. "खण तुझ्याकडेच राहील. पण नुसतं 'ऐ.' नको. कुणाकडून, ते लिही. ऐकीवालाही धनी असतो."

दारापाशी मला थांबवून म्हणाल्या, "आणि सगळ्यांना विचारत सुट. नाकं फुकट पडून आहेत लोकांची."

बाहेर आल्यावर स्वल्पविराम म्हणाला, "रागावल्या, का, बाई?" त्याला सगळं सांगून टाकलं. त्याने हातातलं कार्ड खाली ठेवलं. मग म्हणाला, "तरीच. मागच्या वर्षी, माझा डबा, आंबला होता, तुम्ही एकट्याच, शेजारी बसलात. मला वाटलं, किती, चांगल्या."

१९ मार्च, बुधवार

लोकांची नाकं फुकट पडून आहेत. धाकट्याचंही.

आज कागदावर दोन बाजू लिहून पाहिल्या, नेहमीसारख्या. माझी बाजू: मी सांभाळला, मी थांबले, माझं नाक येईल. त्याची बाजू: त्याच्या नाकाला वास येतो, तो शेवटच्या दिवशी नव्हता, तो तीन वर्षं जातोय. माझ्या बाजूला 'माझं', 'मी', 'मी' असं तीनदा आलं. कागद फाडला. फाडून काय होतं, वाचून झालं होतं!

पण खरं तेही लिहायला हवं. पिशवी बंद आहे तोवर आई आहे. वरच्या खणात, शिडीच्या टोकाला, पण आहे. उघडली आणि मला काहीच आलं नाही, त्याला आलं, तर तिचं शेवटचं उरलेलं माझ्यादेखत त्याच्याकडे जाईल आणि मी नुसती बघत उभी राहीन. दोघांतली थोरली मी. लहानपणी लाडू अर्धा करताना मोठा तुकडा त्याला द्यायचे. तेव्हा सोपं होतं, चव दोघांनाही लागायची.

२१ मार्च, शुक्रवार

फुलवाल्या मुलीने 'फ्रॅग्रन्स'साठी सांगितलं: "गुलाबाला हल्ली वासच नसतो. लोक तरीही आधी नाकाशी नेतात, मग भाव विचारतात." हिचं नाव धनी म्हणून लिहिलं.

२४ मार्च, सोमवार

'स्मेल्स ऑफ' आणि 'स्मेल्स लाइक'. आपली मुलं दोन्हीला 'सारखा वास' म्हणतात. 'ऑफ' म्हणजे ती वस्तू तिथे आहे किंवा नुकती होती – हाताला साबणाचा वास, खोलीला रंगाचा. 'लाइक' म्हणजे नाही, नुसता भास. दिवसभर साबणाचीच उदाहरणं लिहिली. स्वेटरचं वाक्य लिहायचं होतं ते लिहिलं नाही.

२६ मार्च, बुधवार

फोन केला. "शनिवारी ये. अकराला. पिशवी काढते."

पलीकडे लोखंडी दार सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं, लिफ्टमध्ये शिरला, लाइन गेली.

"नक्की?" म्हणाला.

"नक्की. पण एक काम करायचं. वास घेतलास की मला सांगायचं. नीट. जसा असेल तसा, शब्दात. मला येणार नाही."

त्याला माझ्या नाकाचं माहीत होतं, पण 'सर्दी लांबली' इतपतच. म्हणाला, "अजून? ताई, अजून नाही आलं?"

"नाही."

"मग तू... तो तुझ्यासाठी..."

"ये रे शनिवारी," म्हणाले आणि ठेवला.

२९ मार्च, शनिवार

तो अकराला आला. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट, जणू मुलाखतीला. नवरा मुद्दाम बाहेर गेला.

शिडीवर तोच चढला. पिशवी टेबलावर ठेवली, दोघं समोरासमोर बसलो. चिकटपट्टी मी काढली, आईच्या बारीक कात्रीने. बाहेरची पिशवी. मग आतली. आतली त्याला दिली. म्हणाले, "आधी तू."

त्याने पिशवीचं तोंड उघडून पूर्ण चेहरा आत घातला. लहान मूल पातेल्यात डोकावतं तसा. खांदे वर गेले, तसेच राहिले. मी मोजत होते, वीस सेकंद, बाटल्यांची सवय. मग खांदे खाली आले. पण चेहरा बाहेर काढेना.

"आईचा?" मी विचारलं.

आतूनच म्हणाला, "थांब."

पुन्हा खांदे वर गेले. मग चेहरा बाहेर काढून माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते. असं पाहत होता जणू मी आत्ताच खोलीत आलेय.

"सांग ना. तेल? खडू?"

"सांगतो. आत्ता नाही."

"कबूल केलं होतंस."

"सांगतो म्हटलं ना ताई. लिहून पाठवतो. तोंडाने जमणार नाही."

मग पिशवी माझ्याकडे दिली. मीही चेहरा आत घातला. लोकर टोचली. प्लास्टिक गालाला चिकटलं. काही नाही. अजिबात काही नाही. रडले नाही. आश्चर्य, रिकामं वाटलं नाही. त्याला मिळालं, हे मी पाहिलं होतं. हे मात्र स्वतः पाहिलं.

चहा झाला. तो लिफ्टच्या दोऱ्यांबद्दल खूप बोलला, नको इतका. जाताना चपला घालून उभा राहिला, निघेना. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "ताई, हा मी घेऊन जाऊ?"

एवढं त्याने आयुष्यात कधी मागितलं नव्हतं.

मी आतली पिशवी बंद केली, बाहेरची बंद केली, नवी पट्टी लावली. दिली. तो पिशवी छातीशी धरून जिन्याने उतरला. लिफ्टवाला माणूस, आणि जिन्याने!

वरचा खण रिकामा आहे. कपाटाचं दार दोनदा उघडून पाहिलं.

३० मार्च, रविवार

विमान वेळेवर सुटलं. बाटल्या – काही नाही.

१ एप्रिल, मंगळवार

त्याचं लिहिलेलं आलं. पोचला, खोली बाराव्या मजल्यावर, खिडकी उघडत नाही. शेवटी हे –

"ताई, शब्दात सांग म्हणाली होतीस. त्यात आईचा वास उरला नव्हता. तुझा होता. तू दार उघडतेस तेव्हा येतो तो. तू तो आईचा म्हणून इतका जपलास, तोंडावर सांगवेना. आणि मला इकडे तोच हवा होता."

त्याच्या वाक्यासाठी काढलेलं कार्ड अजून कोरं आहे. मघापासून मनगट नाकाशी धरून बसले आहे.